गल्लीतल्या घरांच्या चाव्या

३ फेब्रुवारी, मंगळवार
जनकाबाईंवर चाकू चालवला! भरदुपारी, वसमतमध्ये, आमच्याच गल्लीत! ऐंशीच्या घरातली म्हातारी — गळ्यावर, दंडावर वार. बोरमाळ गेली. नांदेडला नेलंय. शुद्ध नाही.
सकाळीच ओट्यावरून ओरडल्या होत्या, "संगिता, कढी केली तर मला बिनलसणाची ठेव गं." ठेवली होती. झाकलेली तशीच आहे.
प्रमोद म्हणाला, "मावशी, तुला आता एकटीला सोडत न्हाई." ताईचं लेकरू. पुण्याची नोकरी सुटल्यापासून माझ्याकडेच आहे. बरं झालं!

४ फेब्रुवारी
कुलूप फोडलेलं नाही. किल्लीनं उघडलंय!
जनकाबाई दुपारी ग्रिलला आतून कुलूप लावून निजायच्या. दुसरी किल्ली माझ्या खुंटीवर. गल्लीची रीतच आहे — पोरं पुण्याला निघाली की किल्ली संगिताबाईंकडे. खुंटी भरून गेलीय.
ती किल्ली जागेवरच होती. म्हणजे कोणीतरी नेली आणि परत आणून अडकवली. माझ्या घरातून!
"तुमच्याकडे बाहेरचं कोण येतं?" ठाण्याच्या साहेबांनी विचारलं.
चंदाबाई येते. भांडी घासायला, रोज. सांगितलं. खरं तेच सांगितलं ना? मग जीभ का जड झाली?

५ फेब्रुवारी
झोप नाही.

६ फेब्रुवारी
पेपरात आमची गल्ली! त्याच पानावर कनेरगाव नाक्याला धाब्यावर मारामारी, आणि तलवारीनं वाढदिवसाचा केक कापणारी पोरं. तलवारीनं!
पूर्वी भांडण म्हणजे नळावर शिव्या, आणि संध्याकाळी त्याच घरून साखरेची वाटी. कॉन्व्हेंटच्या होस्टेलवरून सुट्टीला यायचे तेव्हा स्टँडपासून घरापर्यंत बॅग माझ्या हातात राहायचीच नाही. ज्यानं त्यानं ओढून घ्यायची. "आली का गं मडमीण!" — ती माणसं कुठे गेली? निम्म्या घरांना कुलूप. उरलेल्यांत भाडेकरू — कोणी तांड्यावरचे, कोणी हिंदी बोलणारे. मालकांचा पुण्याहून फोन यायचा, "तुम्हीच बघा कोणी चांगलं." मीच बघितले. मीच बसवले.

७ फेब्रुवारी
गल्ली जमली. किराणावाले सोनाजी सगळ्यांदेखत माझ्यावर ओरडले, "गल्लीची धर्मशाळा करून टाकली ह्या बाईनं! तांड्यावरच्यांना आधी काढा."
"मावशी भोळी हाय," प्रमोद म्हणाला. मग तांड्यावरच्या चंदाबाईला, "उद्याच्या उद्या घर खाली करा."
चंदाबाई पदर खोचून उभी राहिली. "काहून? आमी हळदीच्या मशिनीवर राबतो. आजीचे पाय रोज कोण चेपत व्हतं? आन् सोनाजीदादा, तुमचा जावई पुण्यात भाड्यानंच ऱ्हातो ना? त्याला बी हाकला म्हणावं."
एक-दोघं हसले.
मग ती माझ्याकडे वळली. "बाई, तुमी तरी बोला. ह्या घरात तुमीच आणलं आमाला."
मी म्हणाले, "बघू."
बघू! एवढंच सुचलं. तिचा नवरा देविदास माझ्याकडे बघतच नव्हता.

८ फेब्रुवारी, रविवार
चंदाबाई गोधड्या बांधतेय. प्रमोद सकाळपासून दारात उभा राहून घाई करतोय — "टेम्पो बोलावू का?"
माझ्यानं खिडकीजवळ जाववत नाही.

दुपार
लिहीत होते तोच जनकाबाईंच्या नातीचा, निलमचा फोन आला. रडत होती. आजी बोलली. पाणी मागितलं, आणि नाव सांगितलं.
प्रमोद.
तो आत चहा टाकत होता. "मावशी, आलं किसू का?"
"किस," म्हणाले.
अनवाणीच निघाले, वही हातात तशीच. गल्लीतली इतकी दारं — सोनाजींचंही वाटेतच होतं. पाय चंदाबाईच्या दाराशी थांबले.
कसंबसं सांगितलं. तिनं आत ओढलं, कडी घातली. देविदास मागच्या दारानं ठाण्यावर गेलाय.
बाहेरून आवाज येतोय — "मावशी! चहा झाला!"