डाव्या टाचेखाली

सोनई, ८ जानेवारी १९९६
रूथ पोरी, लिहायला उशीर झाला, माफ कर. इथं येऊन तीन आठवडे झाले. चौथीपर्यंतचं शिक्षण, एक ओळ लिहीपर्यंत एक भाकरी भाजून होते. म्हणून रोज थोडं या वहीत लिहीन आणि वही भरली की तुझ्या सासरी मिरजगावला पाठवीन. घाईचं असेल ते कार्डावर.

मुलींच्या वसतिगृहाची राखण मिळाली. खोलीवर पत्रा आहे, पण फरशी शहाबादी आणि मागं शेवगा. स्वयंपाकीण दगडाबाई पहिल्याच दिवशी म्हणाली, "राखनदार आनलाय का राखायला कोन आनलाय?" पोरी हसल्या, मीही हसलो.

सहासष्टाव्या वर्षी नोकरी! टाचेखालच्या तिळाचीच ही कृपा. माझ्या बापाला होता, माझ्या थोरल्या भावाला, जोसेफदादाला होता, मला आहे, तुला आहे. आई म्हणायची, हा तीळ भाग्याचा, असा माणूस एका गावात कुजत नाही.

१९ फेब्रुवारी
तीळ जाड झालाय, चालताना खडा टोचल्यासारखं होतं. दगडाबाईनं पाय धरून पाहिला आणि पायाचं कुरूप आहे म्हणाली. मी कां-कूं केलं, तर म्हणे, "येवढ्या बाप्याला कुरपाचं भ्याव? बस खाली." ब्लेडनं वरचं खरवडलं, बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरला आणि ते तेल तिळावर दिलं. ओरडलो. पण चार दिवसांत जागा सपाट. दगडाबाईला पावशेर जिलबी दिली.

तुला लगेच कार्ड टाकलं. तुझाही तीळ वाढलाय म्हणाली होतीस, तर असाच बिब्बा दे.

३० एप्रिल
खपली पडली, खाली तो आहेच. पहिल्यापेक्षा मोठा, कडा फाटक्या चिंधीसारख्या, मध्ये काळा, बाजूला निळसर. पाणी येतं. दगडाबाईनं पुन्हा बिब्बा दिला. म्हणे, रग हाय त्याच्यात, जिरंल. तिची रग मला माहीत आहे, पाय तर माझा आहे ना!

२ जुलै
डाव्या जांघेत अवधान आलंय, कागदी लिंबाएवढी गाठ. दाबलं तरी दुखत नाही. दुखत नाही म्हणूनच भीती वाटते.

१७ जुलै
नगरला डॉक्टरीणबाईंना दाखवलं. गेल्या आठवड्यात एक तुकडा काढून तपासायला दिला होता, त्याचा कागद आला. हा कातडीचा कॅन्सर आहे, काळा.

बाईंनी घरात कुणाला होतं का विचारलं. बाप काटा लागून पाय कुजून गेला, दादा काविळीनं. दोघांचे तीळ सांगितले तेव्हा बाईंनी पेन खाली ठेवलं.

मग पोराला शिकवावं तसं सांगितलं. अंगाच्या कणाकणात एक लिखाण असतं, त्याच्या दोन प्रती, एक आईची, एक बापाची. कणानं वाढायचं कधी आणि थांबायचं कुठं, ते त्यात असतं. बापाकडून थांबायची ओळ चुकलेली आली तरी आईची प्रत सांभाळून घेते. एक दिवस एका कणात तीही चुकते. मग तो थांबत नाही. त्याच्या पिल्लांत आणखी चुका होतात, आणि काही चुकांनी ती जास्त धीट होतात. आधी कातडीवर पसरतात, मग खाली उतरतात, मग रक्ताची वाट धरतात. हा रोग बहुतेकांना घराण्यातून येत नाही, आणि ती ओळ तपासायची सोय इथं नाही. पण एका घरात तिघं, म्हणून मुलीला ताबडतोब दाखवा, म्हणाल्या. लहान असताना भोवतालच्या कातडीसकट नीट काढला तर माणूस वाचतो. बिब्ब्यानं वरचं जळलं, आतला वाढत राहिला, महिने गेले.

हे कुणी केलं म्हणून मी ओरडलो. बाई म्हणाल्या, कुणी नाही, तो तुमच्याच अंगाचा आहे.

भाग्य म्हणे! आईला शिव्या दिल्या आज. मेलेल्या आईला.

तिथूनच तुला कार्ड टाकलं.

५ ऑगस्ट
तुझं उत्तर नाही. दुसरंही कार्ड गेलं. कसला राग धरलाय?

नडगीवर मोहरीएवढे काळे ठिपके. काल चार होते, आज सात. दगडाबाईवर पातेलं फेकलं. रडत म्हणाली, "तुज्या बऱ्यासाठीच केलं रं." सगळे बऱ्यासाठीच करतात!

१४ ऑगस्ट
तिसरं कार्ड. एसटीची पायरी चढवत नाही, पाय खांबासारखा सुजलाय. नाहीतर येऊन तुझ्या नवऱ्याच्या कानाखाली —
ठिपके अकरा. मी जेवतो ते तो खातो. हाकलायचा कुठं? माझ्याच रक्तातून चालतो, बापाच्या पायवाटेनं —

२० ऑगस्ट
कांद्याचा टेम्पोवाला छगन मिरजगावहून आला. तू भेटलीस म्हणाला. चहा दिलास, हसत होतीस. नंतरची कार्डं तुला न दाखवता तुझ्या नवऱ्यानं चुलीत घातली, त्यानंच छगनला सांगितलं. म्हणे, म्हातारं चळलंय.
माझं फेब्रुवारीतलं बिब्ब्याचं कार्ड मात्र पोचलं. तू बिब्बा दिलास. निरोप धाडलास, बाबाला सांगा, तीळ गेला, सपाट झाला.
आणि छगन जाता जाता म्हणाला, जरा लंगडत हुती, पानी व्हाऊन व्हाऊन जांघंत अवधान आलंय म्हनली —

२१ ऑगस्ट
मीच लिहिलं. माझ्या हातानं. बापाकडून आलं ते आलं, बिब्बा मात्र मी —
रूथ, आजच नगरची गाडी धर. नवरा नाही म्हणाला तर भांड, भांडी फोड, पण जा. छगन आत्ता पुन्हा तिकडंच निघालाय, वही त्याच्याजवळ देतो, तुझ्याच हातात दे म्हणून शपथ घातलीय. हॉर्न वाजवतोय —
एवढंच कळव. अवधान दुखतं का? दाबून बघ. दुखत असेल तर साधं असेल. दुखू दे, देवा, माझ्या पोरीला खूप दुखू —
लवकर कळव. छगनच्या हाती, कार्डावर, कसंही, पण लव —