एर्नेस्तोला काहीही न देण्याबाबत

मी, प्रताप दत्तात्रय गुळवणी, वय ७२, राहणार गिरावीन, सिडनी, निवृत्त इंजिनीयर व तहहयात नट, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दडपणाविना (पत्नीचे कायमचेच, ते धरलेले नाही) माझी अखेरची इच्छा लिहून ठेवतो. आधीची मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक पत्नी सुलोचना हिची, तिच्या पश्चात मुलगी रुचा हिची. रुचाने माझे एकही नाटक शेवटपर्यंत पाहिलेले नाही, तरीही.

२. माझी रंगपेटी, म्हणजे पुण्याहून आणलेली मेकअपची पत्र्याची पेटी, आतल्या मिशांसह, कोणाला द्यावी ते ठरत नाही. कोणाला देऊ नये ते पक्के आहे: शेजारी एर्नेस्तो बालिंगित.

३. कारण देणे भाग आहे. हा गृहस्थ मनिलाचा. पन्नास वर्षे तिथल्या रंगभूमीवर आणि सिनेमात: खलनायक, पाद्री, बाप, पुन्हा बाप. मी मात्र नोकरी सांभाळून वर्षाला एक नाटक, तेही मराठी मंडळाचे. ब्लॅकटाउनच्या दुकानात त्याच्या देशाच्या पोरीबाळी तिकडच्या रीतीने, आपण पाया पडतो तसा, त्याचा हात आपल्या कपाळाला लावतात, फोटो काढून घेतात. फोटो काढतो कोण? मी. सुलोचना त्याला 'एर्नीभाऊ' म्हणते आणि पहिली पुरणपोळी कुंपणापलीकडे जाते. माझा जळफळाट होतो, स्वच्छ लिहितो.

४. गेल्या गणपतीत आमच्या नाटकात वाचा गेलेल्या थोरल्या भावाचे काम करणारा ऐन वेळी आजारी पडला. "नुसतं खाटेवर पडायचंय, कोणीही चालेल," असे म्हणून मीच एर्नेस्तोला आणले. कुठून बुद्धी झाली! तिसऱ्या अंकात मी भावाच्या पायाशी बसून माफी मागतो, ते माझे मोठे भाषण. मध्येच टाळ्यांचा कडकडाट. मी हळूच मान लववली. बघतो तर अख्खे सभागृह खाटेकडे बघतेय. मराठीचा एक शब्द न कळणाऱ्या या माणसाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि चादरीवर एकच बोट हलतेय.

५. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असे वकील म्हणाले. म्हणून एर्नेस्तोलाच साक्षीदार नेमले आहे. कायमचा बंदोबस्त!

६. माझ्या अंत्यविधीला त्याला शेवटच्या रांगेत बसवावे. पुढे बसला तर रडेल, आणि माझ्याकडे कोणी बघणार नाही.

सहीआधी हाताने लिहिलेली पुरवणी:

एर्नेस्तो आज साक्षीसाठी आला. मी सरळ विचारले, "त्या दिवशी रडलास कसा? मनिलाची काय ट्रिक?"

"नो ट्रिक, माय फ्रेंड," तो म्हणाला. "शब्द कळत नव्हते, म्हणून तुझा चेहरा बघत होतो. यू वेअर व्हेरी गुड."

माझ्या कामाबद्दल असे आजवर घरातही कोणी बोललेले नाही. हासुद्धा अभिनय असेल. असला तर उत्तम होता.

सबब कलम ५ रद्द. साक्षीदारांतून त्याचे नाव खोडले असून रंगपेटी त्यालाच द्यावी, मिशांसह.

कलम ६ कायम.

सही: प्रताप द. गुळवणी
साक्षीदार: एर्नेस्तो बालिंगित (खोडले, प्र. द. गु.)
साक्षीदार: यतीन राजाध्यक्ष
साक्षीदार: भावना कांबळे
गिरावीन, १४ जून २०२५