आप्पा खाली बसले

कुंडल

प्रिय अमृत,

तुला आणि साक्षीला सप्रेम सलाम. साताऱ्याच्या शाळेला सुट्टी लागली म्हणून मी चार दिवस आप्पांकडे आले आणि महिना झाला, इथेच अडकले. घरात काय चाललंय ते मला नीट कळत नाही. तुझ्याशिवाय सांगू कुणाला?

आपले आप्पा पलटणीतून सुभेदार म्हणून आले, पाळक झाले, पण हुकूम देण्याची सवय काही सुटली नाही. चर्चच्या मंडळीलाही ते बरंच होतं. पोरीचं लग्न कुठं करायचं, बोअर कुठं मारायची, सगळं आप्पांना विचारून. नानासो तर ऊस कधी तोडायचा तेही विचारायला यायचा.

त्याच नानासोच्या बायकोच्या, येसूबाईच्या हृदयाची झडप खराब झाली. आप्पा म्हणाले, "मिरजेला ने. ऑपरेशन कर." त्यानं नेलं. ऑपरेशन चालू असताना आप्पा प्रार्थना करायला लागले, तर नानासोनं त्यांचे पायच धरले. "आवं आप्पा, देवाचं ऱ्हाऊ द्या. तुमी सांगा, ती जगंल का?" मी तिथंच होते. आप्पांची प्रार्थना अर्धीच राहिली.

येसूबाई वाचली. गावभर झालं, आप्पांच्या शब्दानं वाचली. आम्ही सगळे खूश, आणि आप्पा मात्र जेवेनात. मला वाटलं, दगदग झाली असेल.

मग गेल्या रविवारी उपासनेत, उपदेश अर्ध्यावर सोडून ते व्यासपीठावरून खाली उतरले आणि सतरंजीवर लोकांत येऊन बसले. म्हणाले, "तुमी सगळी माझ्याकडं बघताय, आन मीबी तुमच्याकडंच बघत बसलो. देवाकडं कुणाचंच ध्यान न्हाई. मला भ्या वाटतंय. माझ्यासाठी कुणीतरी प्रार्थना करा."

अमृत, कुणी हललं नाही. पाळकासाठी प्रार्थना करायची सवय कुणाला होती? शेवटी येसूबाई उठली. अजून तिला धड चालवत नव्हतं. तिनं आप्पांच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "देवा, ह्यो तुझाच हाय. लय दमलाय. संबाळ त्येला." एवढंच. आप्पा लहान लेकरासारखे रडले.

तेव्हापासून सगळं उलटंपालटं झालंय. चर्चच्या पंचकमिटीचे लालासाहेब रोज येतात नि मलाच विचारतात, "आता निर्णय कोण घेणार? आप्पांना डॉक्टरला दाखवू या का?" त्यांचं खोटं तरी कसं म्हणू? आप्पा मला विचारतात, भाजी कुठली आणू? परवा मी त्यांच्यावर चिडलेच. म्हटलं, पाळकानंच अधिकार सोडला तर मंडळीनं जायचं कुठं? तर म्हणाले, "अधिकार सोडला न्हाई गं. त्यो माझा हाय, ही समजूत सोडली." मग हळूच म्हणाले, "सुटली का न्हाई, ते बी मला ठावं न्हाई."

यातून मी काय घ्यायचं, सांग. देवानं त्यांना वाकवलं, की वयानं? जन्मभर त्यांच्या करड्या आवाजाला घाबरले, आणि आता तो ऐकू येत नाही म्हणून कासावीस होते. येसूबाईसारखी साधी प्रार्थना मला जमेल का, याचाही भरवसा वाटत नाही.

आज सकाळी ते अंगणात बराच वेळ उभे होते. मग तुझं नाव घेतलं. मंडळीबाहेरच्या साक्षीशी लग्न केलंस म्हणून भर उपासनेत त्यांनी तुला प्रभुभोजनाच्या मेजावरून उठवलं, त्यानंतर आज पहिल्यांदाच. म्हणाले, "मी त्येला उठवलं, पण मेज माझं नव्हतं. त्येला माफी मागायची हाय मला, दोघांची." मी म्हटलं, लगेच फोन करून बोलावते. तर घाईनं हात हलवून म्हणाले, "ये म्हनू नगंस. हुकूम वाटंल. पत्र लिही, म्हंजे त्येला इचार करायला सवड मिळंल. तू आन मी तिकडं आलेलं चालंल का, एवढंच इचार." मी विचारलं, आणि नाही म्हणाला तर? ते म्हणाले, "तर न्हाई." म्हणून विचारते, अमृत. तू हो म्हणावंस असं मला वाटतं, पण मीही तुला गळ घालणार नाही. साक्षीशी बोल. मग जे असेल ते कळव. आप्पा वाट बघतायत, आणि उत्तर काय येणार हे त्यांना खरंच ठाऊक नाही.

तुझीच,
संयोगिताताई