आषाढातल्या फेण्या

लोणावळे, १४ जून १९३८

पुण्याच्या उद्योगखात्याचा अर्ज आला. चार पानं, दोन्ही बाजूंनी छापलेली.

सरकार लहान धंद्यांना आणि नव्या साधनांना मदत देणार, हे गेल्या महिन्यात तूरडाळीच्या पुडीवर वाचलं होतं. डाळ डब्यात ओतली आणि कागद हातानं सरळ करून तीनदा वाचला. मी वाचायला शिकले तीच पुड्यांच्या कागदांवर. त्यामुळे बहुतेक बातम्या मला अर्ध्याच ठाऊक असतात. ही नेमकी पुरी होती.

"साधन कोणी तयार केले?" या प्रश्नाशी बराच वेळ अडले. फेण्या वाळवायचं हे कपाट त्यांनी केलं. लिलावातल्या खोक्यांच्या फळ्या, आत सहा जाळ्या, खाली तुसाची शेगडी, मागून पत्र्याचं धुराडं. रेल्वेच्या शेडमधून आठ तास हातोडा मारून यायचे आणि घरी पुन्हा हातोडा. पहिल्या खेपेला फेण्या कोळसा झाल्या. शेगडीवर आडवा पत्रा टाकायचा आणि धुराड्याला झडप लावायची, हे माझं. तेव्हा हसले होते. "शेडमध्ये तुलाच भरती करायला हवं होतं."

लिहिलं, साधन पतीने (मयत) व अर्जदाराने मिळून केले. त्यांचं नाव तोंडानं कधी घेतलं नाही. कागदावर आज पहिल्यांदा लिहिलं. अक्षर बरं आलं.

१७ जून

उर्शाहून भाऊजी आले. माझे एकुलते दीर. मनानं वाईट नाहीत. पायरीवर बसून चहा प्याले आणि मग मुद्द्यावर आले.

"वयनी, दोन वर्सं झाली दादाला जाऊन. ही खोली दसऱ्यापत्तूर ठेवा. मग या आमच्याकडं. लोकं मला इचारत्यात."

"आणि कपाट?"

"त्याच्या फळ्या चांगल्या हाईत. गोठ्याला लागतील."

मदत मिळाली तर अशीच तीन कपाटं करीन, मागच्या पडवीत ठेवीन, शेजारच्या ठकूमावशीसारख्या सहा-सात बायांना पावसाळाभर काम होईल, हे सगळं सांगितलं. ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सरकार काय आपला मामा हाय?"

म्हणजे दसऱ्यापर्यंत. मदत आली तर मी इथं. नाही आली तर मी उर्शाला नि कपाट गोठ्याला.

२२ जून

अर्जाला गावच्या प्रतिष्ठिताची शिफारस लागते. आबासाहेबांकडे गेले. गावात कसलीही समिती असो, हे तिच्यात असतातच. दोन तास व्हरांड्यात बसवलं.

"उन्हाशिवाय वाळवण? बाई, मग सूर्यनारायणाने करायचं काय?" स्वतःच हसले. कारकूनही हसला, त्याची नोकरीच तशी.

मी फेण्या पुढं ठेवल्या. कालच्या. बाहेर चार दिवस सूर्य दिसलेला नाही. एक मोडून पाहिली. कट्‌ आवाज झाला. मग सही केली. वर म्हणाले, "साहेब तपासायला येतील तेव्हा मला कळवायचं. चारचौघांत रीतसर झालं पाहिजे."

येताना तुंगार्लीच्या रस्त्याला छत्री उलटी झाली. अर्ज पोटाशी धरला, बाकीची भिजले.

२ जुलै

सततधार. शेजाऱ्यांची धोतरं तीन दिवस दोरीवर, कुबट वास. आमच्या जाळ्यांवर मात्र फेण्या वाजायला लागल्या. दोन बंगल्यांतून मागणी आली.

ठकूमावशी तूस घेऊन आली. भातगिरणीवाले उचलू देतात, त्यांना तो कचराच. तिला आज शेगडी भरायला शिकवलं. डब्यात मधोमध काठी उभी धरायची, भोवती तूस दाबून दाबून भरायचं, मग काठी अलगद वर ओढायची. तळाशी निखारा. भोक राहतं त्यातून आच चढते, जाळ नाही, धूर नाहीच म्हणावा इतका. एकदा भरली की दुपारपर्यंत बघायला नको. तूस मात्र कोरडं हवं. ओल लागली की संपलं.

"लय गुनाचं हाय गं," ती म्हणाली. "मानसापरीस बरं. एकदा पोटभर घातलं की कुरकूर न्हाई."

हसले. पुष्कळ दिवसांनी. मग उगीच वाईट वाटलं, की हसले.

१३ जुलै

पुण्याचं पत्र. २१ तारखेला निरीक्षक येणार. आबासाहेबांना कळवलं. नसतं कळवलं तरी कळलंच असतं, कारण पत्राची नक्कल त्यांनाही गेली आहे.

१९ जुलै

फळ्या पुसल्या. झडपेला तेल. तांदूळ तीन दिवसांपूर्वीच भिजत घातले होते, आज वाटले. फळीवर आतल्या बाजूला त्यांनी पेन्सिलीनं मापं लिहिली आहेत, ती पुसू दिली नाहीत. ठकूमावशी म्हणाली, साहेबाला घाण वाटंल. वाटू दे.

२१ जुलै

लिहवत नाही.

२२ जुलै

लिहायला हवं. नाहीतर पुढं मलाच खोटं वाटेल.

साहेब अकराच्या गाडीनं आले. तरुण, बुटांत पाणी गेलेलं, वहीची जपणूक फार. मागोमाग आबासाहेब, त्यांची सूनबाई, आणखी दहा-बारा लोक. शेगडी मी सकाळीच भरून ठेवलेली, काठी काढलेली. फक्त निखारा घालायचा. फेण्या जाळ्यांवर मांडलेल्या.

आबासाहेब म्हणाले, "शुभारंभ आहे. सूनबाई, हळदकुंकू वाहा."

मला कोणी आत जा म्हटलं नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवते. कोणी म्हटलं नाही. माझे पाय आपोआप दाराआड गेले. दोन वर्षांची सवय. ओटी असो, बारसं असो, हळदकुंकवाची ताटली निघाली की मी भिंतीला.

दाराच्या फटीतून दिसत होतं. हळद, कुंकू, फूल. मग आबासाहेबांनी नारळ घेतला आणि शेगडीच्या काठावर हाणला. डब्याच्या लोखंडी काठावर. पहिल्याच फटक्यात फुटला, लोक "वा" म्हणाले. पाणी सगळं मधल्या भोकात.

मला आवाजावरूनच कळलं. ओरडता आलं असतं. "थांबा, दुसरी भरते," एवढंच तर म्हणायचं होतं. अर्ध्या घटकेचं काम. तोंडातून शब्द निघाला नाही. इतक्या पुरुषांत, त्या ताटलीसमोर, मी पुढं होऊन नारळाला नाव ठेवायचं.

आबासाहेबांच्या गड्यानं निखारा घातला. धूर. आधी पांढरा, मग पिवळा, डोळ्यांत मिरच्या. जाळ्यांतून धूर, फटींतून धूर. सूनबाई खोकत अंगणात पळाली. कोणी तरी म्हणालं, "हे कपाट की चूल?" साहेबांनी रुमाल नाकाला लावून वहीत लिहिलं. प्रश्न विचारले ते सगळे आबासाहेबांना. आबासाहेबांनी उत्तरं दिली. त्यांना काय येत होतं ते त्यांनी सांगितलं.

एकच्या गाडीनं गेले. ठकूमावशी शेगडी उपसत होती. ओला लगदा. "ह्यो बघ तुजा शुभारंब," ती म्हणाली.

प्रसादाचं खोबरं मलाही पाठवलं होतं. खाल्लं नाही.

२३ जुलै

शेगडी पुन्हा भरली, कोरडी. दुपारपर्यंत फेण्या कडकडीत. बघायला कोणी नाही.

६ ऑगस्ट

गूळ आणला. पुडीवर, फाटक्या कोपऱ्यात: "...आबासाहेबांच्या शुभहस्ते श्रीफळ वाढवून उद्घाटन झाले. ग्रामीण भगिनींनी उद्योगाकडे वळावे असे त्यांनी..." पुढचं फाटलं होतं. गुळाचा डाग नेमका "भगिनींनी"वर.

चुलीत घालणार होते. घातला नाही, पेटीत ठेवला. का, माहीत नाही.

२५ ऑगस्ट

उत्तर आलं. दोन ओळी. "प्रत्यक्ष पाहणीत साधनातून अतोनात धूर होत असल्याचे आढळले. सबब मदत देता येत नाही."

खोटं एक अक्षर नाही. धूर झालाच होता.

पत्र त्यांच्या फोटोसमोर ठेवायला गेले आणि परत उचललं. त्यांना काय सांगू? तुमचं कपाट नापास झालं, आणि मी दाराआड उभी होते?

२८ ऑगस्ट

भाऊजींना कळवलं. गोठ्याचं माप घेऊन येतो म्हणाले. मापं फळीवर आहेतच, मी म्हटलं.

५ सप्टेंबर

पुण्याला जाऊन आले. एकटी. कोणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर गेलेच नसते.

कचेरीत कारकुनानं बाकड्यावर बसवलं. "बरोबर कोण आहे?" कोणी नाही. "मग काम काय सांगणार?" मीच सांगणार. त्याला ते पटलं नाही, पण जेवायची सुट्टी झाली आणि साहेब स्वतःच बाहेर आले. ओळखलं नाही. कसे ओळखतील, मी दिसलेच नव्हते.

फेण्यांची पुडी पुढं केली. "ज्या कपाटाला तुम्ही धूर लिहिलात त्यातल्या या." एक खाल्ली. दुसरीही घेतली. मग तूस, काठी, भोक, नारळ, पाणी, सगळं सांगितलं.

मग म्हणाले, "बाई, तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?"

"तुम्ही तेव्हा मला काही विचारलंत का?"

हे बोलले खरी. पण गाडीत बसल्यावर त्यांचाच प्रश्न डोक्यात फिरत राहिला. माझं उत्तर चोख होतं आणि तरी ते उत्तर नव्हतं.

पाऊस संपायच्या आत पुन्हा येऊन पाहतो म्हणाले. पण अहवाल वर गेलेला आहे. वरचे ऐकतील का, सांगता येत नाही. यंदाची मदत शिल्लक असेल का, तेही सांगता येत नाही. जे सांगता येत नाही ते त्यांनी नीट सांगितलं, एवढं खरं.

१८ सप्टेंबर

पत्र. २७ तारीख. नक्कल आबासाहेबांना.

भाऊजी फळ्या न्यायला बैलगाडी घेऊन आले होते. २७ पर्यंत थांबा म्हटलं. "वयनी, पुन्यांदा हसं करून घेनार?" म्हटलं, व्हय. गाडीत वैरण भरून गेले.

२७ सप्टेंबर, सकाळ

घरोघर घट बसलेत. पाऊस मात्र अजून आषाढासारखा. माझ्या कामाचा.

शेगडी भरली. स्वतः दाबली, ठकूमावशीला हात लावू दिला नाही. ती रागावली.

आत्ता आबासाहेबांचा गडी येऊन गेला. ओट्यावर नारळ ठेवला. "मालक म्हनले, सोलून ठिवा. साहेब आल्यावर फोडायचा हाय. सूनबाई बी येनार हाईत."

गेला. मी नि ठकूमावशी नारळाकडे बघत बसलो.

"आता गं?" ती.

नारळ सोलला. मागच्या धुण्याच्या दगडाशी गेले.

"अगं, बाया फोडत न्हाईत नारळ. त्यात तू..."

तीन फटके लागले. हात सवयीचा नाही. पाणी दगडावरून वाहून गेलं, जिथं जायला हवं तिथं. खोबऱ्याचे पातळ काप केले आणि वरच्या जाळीवर मांडले, फेण्यांच्याही वर. वाळलं तर साहेबांना दाखवायला आणखी एक जिन्नस. नाही वाळलं तर नाही.

पाप केलं की काय, असं मनात येतं. त्यांनी काय म्हटलं असतं? हसले असते बहुतेक. नक्की सांगता येत नाही. दोन वर्षांत त्यांचा आवाज थोडा पुसट झाला आहे.

काठी काढली. निखारा मी घातला. भोकात लाल दिसतं आहे. धूर नाही. अजून तरी नाही.

गाडीची शिट्टी होऊन बराच वेळ झाला. फाटकाशी दोन छत्र्या दिसताहेत. पुढची आबासाहेबांची. वही ठेवते. आज दाराबाहेर उभं राहायचं आहे.