कुणीच न जगलेली सात वर्षे

मी, आरोग्य पाहणी खात्यातील निवृत्त सांख्यिकी सहायक, वय एकाहत्तर, कुणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. गुडघे गेलेत, डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. माझे राहते घर, दोन खोल्या, माझ्या थोरल्या बहिणीची, ताईची, शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकेस द्यावे. घरभेटी सरकारने बंद केल्यावरही ही बाई पदरमोड करून आठवड्यातून दोनदा तीन जिने चढायची, ताईला कुशीवर वळवायची.

२. घरभेटी का बंद झाल्या, तेही नोंदवते. माणसे किती वर्षे निरोगी जगतात, हे आमचे खाते मोजायचे. त्या साली आकडा आला चौपन्न. साहेबांचे तोंड कडू झाले. "तिसरा प्रश्न गाळा. 'तब्येत बरी' म्हणाले ना? मग निरोगी!" तिसरा प्रश्न होता: स्वतःच्या हाताने अंघोळ करता येते का? आठवड्यात आकडा एकसष्टवर गेला. गुडघा एकाचाही सुधारला नव्हता. साहेबांचा सत्कार झाला, आणि लोक एवढे ठणठणीत, तर घरी परिचारिका कशाला, असे ठरले. नऊ वर्षे अंथरुणाला खिळलेली माझी ताईही निरोगी ठरली, पाहणीवाल्याला ती म्हणाली होती, "बरी आहे रे बाबा, चाललंय." पुढच्याच हिवाळ्यात पाठीच्या जखमा चिघळून ती गेली. अहवालावर साहेबांच्या खाली सही माझी आहे. मला माझीच किळस येते.

३. ताईचे शिलाई मशीन तिच्या मुलास. "मावशी, आई तशी धडधाकटच होती," असे तो तिरडीशेजारी म्हणाला. मशीनपुढे तरी त्याला बसावे लागेल. आईपाशी पाच मिनिटे बसला नाही.

४. साहेबांस काहीही नाही. ते हार आणि भाषण घेऊन येतील. दोन्ही दारातूनच परत पाठवावे.

५. पलंगाखालच्या चार पेट्यांत मूळ फॉर्म आहेत, तिसऱ्या उत्तरासकट. अकरा वर्षे मी भित्र्यासारखी त्यांच्यावर झोपले. माझ्या मृत्यूनंतर ते वर्तमानपत्राच्या संपादकबाईंना द्यावेत.

साक्षीदार: १. आमचे डॉक्टर. २. खालच्या मजल्यावरचे घड्याळजी.

घड्याळजींनी सहीआधी सगळे वाचले. "माझ्या आईचा फॉर्म आहे यात?"

"आहे."

"काय लिहिलंय?"

"अंघोळ: नाही. चार वर्षांपासून."

त्यांनी वाकून पलंगाखालची पहिली पेटी बाहेर ओढली. मग म्हणाले, "तुमच्या मरणाची वाट कशाला बघायची? गाडी बोलावतो."

कलम ५ खोडले आहे. खोडल्या जागी तिघांच्या सह्या.

स्थळ: माझे घर, तिसरा मजला.
दिनांक: १२ मार्च. पेट्या आजच खाली नेल्या.