ऋषीच्या भाजीनंतरच्या गोळ्या

दिवेआगर, भाद्रपद शुद्ध अष्टमी, १९६२

ह्यांच्या मनगटावरचा काळानिळा डाग सकाळी सुपारीएवढा होता, आता विड्याच्या पानाएवढा झालाय. आणि तो माझ्यामुळे.

ऋषिपंचमीला मी ऋषीची भाजी केली. अळू, माठ, परसातला सगळा पाला. ह्यांनी तीनदा मागून घेतली. मग आठवलं, मुंबईचे डॉक्टर म्हणाले होते, रक्त पातळ करायच्या गोळीचा जोर पालेभाजीने उतरतो. पुन्हा रक्ताची गुठळी झाली तर? कोणाला विचारलं नाही मी. त्या दिवसापासून रोज एकाऐवजी दोन गोळ्या दिल्या. कसली शहाणी मी! आज दात घासताना ह्यांच्या हिरड्यांतून रक्त आलं, किती चुळा भरल्या तरी थांबेना.

आजची एस.टी. गेली. उद्या पहिल्या गाडीने म्हसळ्याला डॉक्टरांकडे. तिथे सांगावंच लागेल. पण ह्यांना?

जेवण झाल्यावर ह्यांनी नेहमीसारखा हात पुढे केला. "गोळी?"

"डबी कुठे ठेवली तेच आठवत नाही," मी म्हटलं.

डबी समोरच्या कोनाड्यात होती. ह्यांनी डबीकडे पाहिलं, मग त्या डागाकडे. सदऱ्याची बाही खाली ओढली आणि म्हणाले, "असू दे. तू जेवून घे."