रिंग आली की भात

१२ जुलै १९९५

आज पुन्हा भातावरून वाजलं. हे इगतपुरीहून दिवेलागणीला येतो म्हणाले आणि आले जेवणवेळ टळल्यावर. घाटात पाऊस, गाड्या रखडलेल्या, त्यांचा काय दोष. पण माझा तरी काय? तिकडचाच इंद्रायणी तांदूळ. गरम आहे तोवर त्याच्यासारखा भात नाही, गार झाला की गोळा. उलथन्याने कापून वाढला. "हा भात आहे की वडी?" म्हणाले. मी म्हटलं, सिग्नल खात्यातला माणूस, अख्ख्या लाईनीला सिग्नल देता, बायकोला एक देता येत नाही? राहुल हसला, मग हेही हसले. मी नाही हसले.

१५ जुलै

तोडगा निघाला. शेजारच्या बागूलकाकूंकडे फोन आहे. गाडी घाट चढून इगतपुरीला लागली की हे स्टेशनबाहेरच्या बूथवरून काकूंकडे एकच रिंग देणार आणि ठेवणार. उचलायचा नाही, म्हणजे मीटर पडत नाही. रिंग वाजली की काकू भिंत बडवणार, मी भात टाकणार. गाडी नाशिकरोडला येऊन हे सायकलवर जेलरोडला पोचेस्तोवर भात होऊन मुरलेला.

आज पहिली रिंग. काकू सटाण्याच्या, आवाज शेतातला. भिंतीवर लाटणं आणि वर, "सुमन, रिंग वाजनी वं! टाक भात!" सगळ्या गल्लीने ऐकलं.

वाफाळता वाढला. पुन्हा पुन्हा घेतला.

१८ जुलै

रिंग. भात टाकला. रोज रोज काय तेच लिहायचं, इथून पुढे भा. टा.

१९ जुलै

रिंग उशिरा. भा. टा. राहुलला गणितात कमी मार्क. शाळेत माझ्याच वर्गातल्या मुलांना पाढे येतात, घरी ही तऱ्हा.

३ फेब्रुवारी १९९७

काकूंच्या घरी नवी सून आली, सविता. गोड आहे. आज काकू दळणाला गेलेल्या आणि हिने रिंग वाजल्याबरोबर फोन उचलला. हॅलो, हॅलो. पलीकडे हे गारच. इतक्या दिवसांत त्या फोनमधून कुणी बोलेल असं त्यांना वाटलंच नव्हतं. घाबरून ठेवला. सविता धावत माझ्याकडे, "ताई, कुणीतरी पुरुष नुसता श्वास घेतो आणि ठेवून देतो हो!"

हसून हसून पुरेवाट. तिला सांगितलं, बाई, तो श्वास माझ्या नवऱ्याचा आहे. भात टाकायचा विसरलेच. हे आले तेव्हा कुकरची शिट्टीसुद्धा झाली नव्हती, पण आज कुणाची काही तक्रार नाही.

१० ऑक्टोबर १९९९

आपल्या घरात फोन आला! दुपारभर राहुल त्याच्याभोवती. मी क्रोशाचं झाकण विणायला घेतलं आहे, काकूंसारखं.

संध्याकाळी पहिली रिंग आमच्याच घरात. भा. टा. मग वाईट वाटलं. काकू ओट्यावर बसलेल्या, तोंड उतरलेलं. म्हणाल्या, आता माझ्या भिंतीला काय काम. मी म्हटलं, भिंत पातळ आहे, तुम्हाला ऐकू येतंच की.

११ ऑक्टोबर

रिंग. आणि लगेच भिंतीवर लाटणं. "वाजनी वं!" बरं वाटलं. भा. टा.

८ मे २००४

ह्यांनी मोबाईल घेतला. दुकानातला सर्वात साधा. बारका, काळा, डोक्याला टॉर्च. बोगद्याजवळच्या पेट्या उघडताना टॉर्चचा उपयोग होतो म्हणे. मी म्हटलं, टॉर्च घ्यायला गेला होता की फोन? आता रिंग थेट गाडीतून. बूथवाल्याला सांगून आले, उद्यापासून येणार नाही. त्याने चहा पाजला.

२ एप्रिल २००५

टॉर्चवाला काल बादलीत पडला. कपड्यांबरोबर, साबणाच्या पाण्यात. ह्यांचा चेहरा बघवेना. मी तो उघडून गच्चीवर कुरडयांच्या शेजारी वाळत घातला. काकू वर आल्या, विचारतात, "हाई काय नवीन पापड?" आज सुरू! आवाज थोडा बसलाय, कुरडईचा वास येतो. रिंग मात्र बरोबर. भा. टा.

१९ सप्टेंबर २००७

पंधरवडा लिहिलं नाही. ह्यांना ड्यूटीवरच छातीत दुखलं. सहकाऱ्यांनी गाडीत घालून नाशिकला आणलं. अँजिओप्लास्टी झाली. राहुल बंगळूरहून धावत आला, नवी नोकरी असूनही. आज घरी सोडलं. मला कुणाशी बोलावंसं वाटत नाही.

५ नोव्हेंबर

डॉक्टर म्हणाले, कामावर जा, दगदग नको. आज परत इगतपुरी. दिवसभर शाळेत फळ्यावर काय लिहिलं आठवत नाही. आता माझ्याकडेही मोबाईल आहे, घरचा फोन काढून टाकला. तो पदरात धरून ओट्याशी उभी.

रिंग आली. एकच. रडूच फुटलं. पूर्वी रिंग म्हणजे भात. आता रिंग म्हणजे हे आहेत, गाडीत आहेत, घरी येताहेत. भा. टा.

१४ मे २००९

राहुल आला. बाबांना फोन आणलाय, बोटाने चालणारा, काचेचा. मोठ्या पगाराची पहिली मोठी खरेदी. "बाबा, सगळ्यात महागातला घेतला. तुमच्या तब्येतीला भरवशाचा हवा." ह्यांनी हात धुऊन, पुसून मग हातात घेतला. डोळे भरले होते. माझेही. नंबर तोच ठेवला, टॉर्चवाला कपाटात गेला. त्याला पुसून ठेवला.

२२ मे

नवा फोन रोज चार्जिंगला. जुना आठवडाभर चालायचा. हे म्हणतात, महाग आहे, त्याला खायला जास्त लागणारच.

११ जून

आज रिंग नाही. जीव टांगणीला. हे आले, फोन बंद. दुपारीच मान टाकली त्याने. मी म्हटलं, जास्त पैसे दिले म्हणजे निदान स्वस्तातला करत होता तेवढं तरी करायला नको का? हे म्हणाले, "अगं, तो शंभर कामं करतो. एकच काम करणाऱ्याचं बिघडायला काय आहे?" मी म्हटलं, मला ते एकच हवंय. ती बाकीची नव्याण्णव तुम्ही ठेवा.

१३ जून

मेनरोडला दुकानात दाखवला. पोऱ्या म्हणतो, "काकू, बॅटरी ओके आहे. हा फोन नाही, छोटा कॉम्प्युटरच समजा." मी म्हटलं, पण आम्हाला फोन म्हणून दिलाय. त्याने कव्हर विकायचा प्रयत्न केला.

राहुलला सांगते म्हटलं तर हे एकदम चढ्या आवाजात, "खबरदार. पोराने हौसेने दिलाय." हे कधी माझ्यावर आवाज चढवत नाहीत.

२१ जुलै

कसं लिहू.

सकाळपासून झड. टीव्हीवर सांगत होते घाटात दरड, गाड्या जागच्या जागी. संध्याकाळ झाली, रिंग नाही. ह्यांचा लावला तर बंद. इगतपुरीच्या ऑफिसात लावला तर म्हणे साहेब कधीच निघाले. मधेच माझा मोबाईल एकदा वाजला आणि थांबला. धावले. अनोळखी नंबर. मोबाईलवर हल्ली कोण कोण जाहिरातवाले वाजवतात. वैतागून बाजूला ठेवला.

काकू येऊन बसल्या, माझा हात धरून. "बस वं माय. येतोच तो." गुडघे दुखतात त्यांचे, तरी उठल्या नाहीत. मनात नको नको ते येत होतं. कुठल्या डब्यात, कुणाजवळ, पाणी तरी कुणी देईल का.

हे आले ते चिंब होऊन. मी आधी भांडले, मग रडले. हे शांतपणे, "अगं, रिंग दिली होती ना. माझा बंद पडला म्हणून गाडीत शेजारी बसलेल्या पोराच्या फोनवरून." तो अनोळखी नंबर.

भात टाकलेला नव्हता. गार पोळी खाल्ली त्यांनी, दुधात कुस्करून. चौदा वर्षं झाली, रिंग आली आणि भात नाही असं सवितानं फोन उचलला तेवढंच.

२२ जुलै

रात्री झोप नाही, तेच डोक्यात. काकूंच्या त्या काळ्या फोनवर कोण करतंय ते दिसायचंच नाही. नाव नाही, नंबर नाही. तरी एकदा वाजला की आम्हाला माहीत, हेच. कधी शंका आली नाही. आता सगळं दिसतं आणि मी दिसलेल्यावर विश्वास ठेवला. ते क्रोशाचं झाकण, ते लाटणं, काकूंची ती हाक. फार आठवतंय सगळं.

२५ जुलै

ठरवलं. नवं सिमकार्ड आणलं, कपाटातल्या टॉर्चवाल्यात घातलं, ह्यांच्या डब्याच्या पिशवीत चटणीच्या डबीशेजारी ठेवला. काही बोलले नाही. माझ्या फोनमध्ये तो नंबर साठवला, नाव दिलं "भात".

संध्याकाळी फोन वाजला. पडद्यावर "भात". एकच रिंग. भा. टा.

हे आले, पिशवी ठेवली. जेवताना म्हणाले, चटणी चांगली होती आज.

१७ ऑक्टोबर

राहुल दिवाळीच्या सुट्टीला आलाय. संध्याकाळी माझा फोन त्याच्याजवळच होता, वाजला. "आई, तुला भाताचा फोन?" आधी खूप हसला. मग नंबर पाहिला आणि हसायचा थांबला. "म्हणजे बाबा माझा फोन वापरतच नाहीत."

माझं तोंड कधी वेळेवर बंद राहिलंय? म्हटलं, तुझा फोन दुपारी मान टाकतो रे. तो म्हणाला, "आई, बाजारात त्याच्याहून चांगला नाही." मी म्हटलं, असेल. पण एवढे पैसे घेऊन भरवसा नाही द्यायचा तर कशाचे घेतले? गच्चीवर जाऊन बसला. लहानपणी गणित चुकलं की बसायचा तसाच.

हे आले. ऐकलं. माझ्याकडे नुसतं बघितलं, तेवढं पुरे झालं. मग महागातला घेऊन वर गेले. मीही मागून गेले, पापड वाळत घालायचं निमित्त करून, ऑक्टोबरात.

फोटो दाखवत होते. बोगद्याच्या तोंडाशी धुकं. भावली धरण भरलेलं. ड्यूटीवरची सगळी मंडळी, डबे उघडून बसलेली. राहुल एकेक पुढे सरकवत होता. मग एक आला, आमच्या स्वयंपाकघराची खिडकी, गल्लीतून काढलेली. दिवा लागलेला, वाफ, आत मी कुकरशी. मला कळलंही नव्हतं. म्हणाले, "घराजवळ आलो की रोज थांबतो थोडं. त्या दिवशी फोन चालू होता म्हणून काढता आला."

राहुल त्यांना बॅटरी टिकवायला काय काय बंद ठेवायचं ते दाखवत बसला, नेट, ब्लूटूथ, अजून काय. हे मान हलवत होते, ऐकत नव्हते.

२० ऑक्टोबर

राहुल गेला. एरवी पोचला की दोन दोन दिवस कळवत नाही. आज दुपारी त्याची रिंग. एकच. हात सवयीने तांदळाच्या डब्यात गेला. बंगळूरला पोचलेल्या पोरासाठी इथे नाशिकला भात टाकणार होते मी!

३० डिसेंबर

उद्या ह्यांची निवृत्ती. शेवटची इगतपुरी. सुटेन एकदाची ह्या घोरातून, असं म्हणत होते दोन वर्षं. आज भांडी घासताना जाणवलं, परवापासून हे दिवसभर घरात. रिंग द्यायची कुणी आणि कुठून? सुखच आहे, पण घासलेलंच पातेलं पुन्हा घासत बसले.

३१ डिसेंबर २००९

शाळेतून लवकर आले. तांदूळ धुऊन, निथळून तयार. घोटीचा नवा तांदूळ, त्यांच्या मित्राने पाठवलेला. फोन ओट्यावर.

अंधारून आलं आणि वाजला. "भात" नाही. पडद्यावर "राहुलचे बाबा". महागातला! ह्या वेळेला तो जिवंत कसा? एक रिंग झाली. थांबली नाही. दुसरी. तिसरी. इतक्या वर्षांत कधी दुसरी वाजली नाही. दुसऱ्याच कुणाच्या हातात आहे का फोन? हारतुरे, दगदग, पुन्हा छातीत...

मी जागची हलेना. आणि भिंतीवर लाटणं, दणादणा. इतकी वर्षं फोन न उचलता नुसती भिंत बडवणाऱ्या काकू ओरडताहेत, "उचल वं! अगं उचल!"

उचलला. आधी नुसता गाडीचा आवाज. मग हे, "घाबरलीस ना? काही नाही गं. गाडीत बसलोय. हार फार जड आहे." मग म्हणाले, "भात टाक."

हे शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले. चौदा वर्षं काकूच म्हणायच्या.

महागातला दिवेलागणीपर्यंत टिकला कसा, राहुलने सांगितलं ते बंद ठेवून, की फक्त ह्या एका फोनसाठी दिवसभर पूर्ण बंदच ठेवला होता, ते विचारलं नाही. आल्यावर विचारीन, किंवा नाही विचारणार.

भा. टा.